हँडलवरचा नकाशा

मेहरूण, जळगाव

प्रिय अल्तमश,

तुम्ही चौघे मित्र बाइकवरून स्पितीला निघणार आहात. हँडलवर फोन लावावा की वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं, असं तू मला विचारलंस. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण तुला आणखीही काही सांगायचं आहे, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

यंत्रच घे. ते ऊन, पाऊस आणि खड्डे सोसायलाच बनवलेलं असतं. हातमोजे घालूनही चालतं, नकाशे त्यातच भरलेले असतात, रेंज लागत नाही. पत्ता टाकताना जीव मेटाकुटीला येतो आणि नव्या रस्त्यांची त्याला खबर नसते, हेही खरं. त्यासाठी फोनवरही नकाशा उतरवून घे. पण फोन राहील जॅकेटच्या आतल्या खिशात, चार्ज केलेला. रस्ता दाखवणारी आणि मदतीला हाक मारणारी वस्तू एकच असली, की ती बंद पडल्यावर माणूस आंधळाही होतो आणि मुकाही. हे मी शिकले त्या दिवसाबद्दल तुला अर्धंच ठाऊक आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या, रूहीच्या लग्नाला आम्ही दोघं नवराबायको शिरपूरला निघालो. दानिशचा फोन दुरुस्तीला टाकलेला, म्हणून माझाच हँडलवर लावला. पारा पंचेचाळीसच्या वर. चोपड्याच्या पुढे नकाशाने सातपुड्याच्या पायथ्याकडून जवळचा रस्ता दाखवला आणि आम्ही वळलो. तासाभरात डांबर संपलं. फोन फार तापल्याची सूचना आली, मग स्क्रीन काळी झाली. समोर दोन वाटा, दोन्ही सारख्याच धुळीच्या. दोन्ही बाजूंना वाळलेला साग, सावली नाही, माणूस नाही.

डावीकडे घेतलं. थोडं पुढे गेल्यावर गाडी डुलायला लागली. मला वाटलं, खड्डे चुकवतोय. मग दानिश मला "अम्मी" म्हणाला. दुसऱ्या क्षणी आम्ही खाली. मला खरचटलं, पण तो उठेना. अंगाला हात लावला तर तव्यासारखं भाजत होतं आणि घामाचा थेंबही नव्हता. डोळे उघडे, पण मी कोण हे त्याला कळत नव्हतं. मी फोन फुंकला, दुपट्ट्याने पुसला, स्वतःच्या सावलीत धरला. तो सुरू होईना. रुग्णवाहिकेचा एकशेआठ नंबर मला पाठ होता रे, आणि तो लावायला फोनच नव्हता. मी ओरडले. इतकी घाबरले होते की स्वतःचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

शेताच्या बांधावरून एक बाई धावत आली. कस्तुरा तिचं नाव. "रडू नको बाई, त्याना पाय धर," ती तिच्या बोलीत म्हणाली. आम्ही दोघींनी त्याला ओढत तिच्या झोपडीत नेलं. तिने हंडाभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, गोधडी भिजवून त्याच्यावर टाकली. तिचा नवरा खाज्या आपला बटणांचा फोन घेऊन टेकडी चढला, कारण रेंज तिथेच यायची. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी दानिशचा श्वास मोजत होते. दोनदा वाटलं, थांबला.

वाचला. पण मूत्रपिंडांना धक्का बसला. त्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात आता दुपारी उभं राहवत नाही त्याला. आणि अजून उन्हात गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते.

दवाखान्यात आपल्या अब्बांनी सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, "तुझ्या गाडीच्या शौकापायी माझी मुलगी रानात मेली असती." दानिश सलाईन लावलेला पडून होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मीही बोलले नाही. तो दिवस आणि आजचा दिवस, अब्बा त्याच्याशी बोलत नाहीत.

खरं हे आहे, अल्तमश. चोपड्यात रसवंतीवर दानिश मला म्हणाला होता, "यास्मिन, डोकं फार दुखतंय, इथेच थांबू." मी म्हणाले, निकाहाला उशीर होईल. त्या दोन वाटांपाशी तो पुन्हा म्हणाला, "परत फिरू, मला बरं वाटत नाही." मीच चिडले, "एवढ्याशा उन्हाला घाबरतोस?" डावीकडची वाटही मीच दाखवली. शौक त्याचा होता, हट्ट माझा होता. रविवारी मी अब्बांना हे सांगणार आहे. ते माझ्याकडे कसे पाहतील, या विचाराने झोप उडाली आहे. दानिश म्हणतो, राहू दे आता. त्याच्या या चांगुलपणाचीच मला जास्त भीती वाटते. पण अब्बांच्या आधी तुला सांगायचं होतं, कारण ईदला त्याने पुढे केलेला हात तू धरला नाहीस, आणि मी दारात उभी राहून ते पाहिलं. निघण्याआधी एकदा घरी ये. माझ्यावर रागव, पण त्याला भेटून जा.

तुझीच,
यास्मिन आपा