न धुतलेला शर्ट

२ मार्च
आलो एकदाच्या! पैठणहून टेम्पोत सामान भरलं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी मी आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन. गारखेड्यातलं हे भाड्याचं घर लहानच आहे, पण मागं कपडे धुवायची चक्क वेगळी खोली! या शहरात नळाला पाणी येतं आठवड्यानं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मला हसूच फुटलं.

ऋतुराज, माझा नवरा, गेल्यापासून पहिल्यांदाच हसले मी. डिसेंबरात तो जायकवाडीच्या पाण्यात बुडाला. त्या गावात राहवेना, म्हणून मी इथं बदली मागून घेतली.

४ मार्च
ऑफिसातून येताना क्रांती चौकातून तीन टोपल्या आणल्या. एक पांढऱ्या कपड्यांची, एक रंगीत, एक आत्याबाईंच्या लुगड्यांची. खिडकीखाली मशीन, कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप, दारामागं चिमट्यांची पिशवी. नीळ सगळ्यात वरच्या फळीवर, कारण आत्याबाई ती सढळ हातानं घालतात आणि मग सगळं घर आकाशी होतं. त्या म्हणाल्या, दोन बायांचं धुणं ते कितीक, त्याला येवढा थाट कशाला. मला हाताला काम हवं होतं, एवढंच.

माणूस गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकायचे असतात. आम्ही दिले नाहीत. धुतलेले सगळे कपाटात आहेत. निळ्या चौकड्यांचा शर्ट मात्र त्यानं आदल्या संध्याकाळी काढून खुंटीला टाकला होता. तो मी धुतलेला नाही. पिशवीत बांधून फळीवर ठेवलाय. रोज गाठ सोडून वास घेते. जगायला तेवढं पुरतं.

९ मार्च
आज पाण्याचा दिवस. मी ऑफिसात. नळाला पाणी आलं तशी आत्याबाईंची धांदल उडाली, दिसेल ते त्यांनी मशीनमध्ये टाकलं. पिशवीतलंही. मी आले तर शर्ट दोरीवर, साबणाचा घमघमाट.

नाही नाही ते बोलले मी त्यांना. तुमचा मुलगा तुम्हीच दुसऱ्यांदा बुडवलात, म्हणाले. त्या बाकीच्या कपड्यांना चिमटे लावत राहिल्या.

१३ मार्च
रंगीत टोपलीत त्याचा पिवळा टी-शर्ट. कपाटात घडी करून ठेवला होता तो! गळा मळलेला, काखेत घाम. वास घेतला. तोच. त्याचाच. तो घरी येऊन गेला.

१६ मार्च
आज हिरवा शर्ट. भीती वाटली, पण आनंद जास्त झाला.

१८ मार्च
डोकं दुखलं म्हणून दुपारीच घरी आले. धुण्याच्या खोलीत आत्याबाई. लुगड्यावर त्याचा शर्ट चढवून खिडकीतल्या उन्हात बसलेल्या, घामानं निथळत. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, तू जपल्याला वास म्या धुऊन टाकला मंजू, माझ्याच पोटचा व्हता, वाटलं माझ्या घामाला तोच वास यील.

वास तोच आला होता, हे माझ्या तोंडून निघालं नाही. दोघी मशीनला टेकून रडलो. मग ठरलं, आता पुरे. सगळे कपडे पैठणच्या गंगेला सोडायचे.

१९ मार्च
आत्याबाई बोचकं घेऊन एसटीनं पैठणला गेल्या, वन्संकडं. सगळे कपडे दिले म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं. चौकड्यांचा तेवढा ठेवून घेतला, मशीनमागं. धुतलेला का असेना.

संध्याकाळी त्यांचा फोन. गंगेत सोडलं सगळं, म्हणाल्या. मग विचारलं, येखादा शर्ट मागं ऱ्हायला का गं? मी नाही म्हटलं.

२१ मार्च
टोपलीत पिवळा टी-शर्ट. ओला. घरात मी एकटी आहे. शिवणीत वाळू.

२२ मार्च
हिरवाही आला. खाली पाण्याचं थारोळं. नळ आलेला नाही, पिंप कोरडं आहे —

आत्याबाईंना फोन करून सगळं सांगितलं. एक शर्ट मी ठेवलाय. त्यासाठी तो येतोय, बाकीचे परत आणून टाकतोय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पान्यात गारठला आसंल लेकरू. तू भिऊ नको, म्या बघते त्याच्याकडं.

२३ मार्च
मशीनमागं शर्ट नाही. नेला त्यानं —

तिसऱ्या टोपलीत आत्याबाईंचं लुगडं. जाताना नेसल्या होत्या ते. चिंब. आतून अजून कोमट —

फोन वाजतोय. वन्संचा. नाही उचलणार. उचलत नाही तोवर त्या आहेत —

परत वाजतोय —

लुगडं तोंडाशी धरलंय. आत्याबाई, तोच वास होता हो. तुमचा आणि त्याचा एकच. मी तेव्हाच सांगायला हवं —