गळती जवळजवळ सापडली

३ ऑगस्ट, सोमवार
आजपासून गाडीची गळती हा विषय शास्त्रशुद्ध पद्धतीने हाताळायचा. घाबरण्यासारखं काहीच नाही. जुनी गाडी म्हटली की पाऊस आत येणारच. माझ्या गाडीत जरा मोकळेपणाने येतो, इतकंच. आज सिग्नलला ब्रेक मारला तर मागच्या सीटखालचं पाणी पुढे आलं, माझ्या पायांना भेटलं आणि परत गेलं. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसलो. विचार करायला. पाय लटपटत होते ते क्लच जड असल्यामुळे.
बायकोला यातलं काही सांगायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायकोला कळलं. दारात काढलेले बूट ओले होते आणि बाहेर कडक ऊन होतं. पुढच्या वेळी दोन्हींचा मेळ घालणे.

४ ऑगस्ट
निकाल लागला. बायको म्हणाली, अहो, रविवारपर्यंत गाडी कोरडी झाली तर ठीक, नाहीतर बाळ्या घेऊन जाईल. बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला आहे, तरी बाळ्याच. त्याच्याकडे शटरचं गॅरेज आहे आणि माझ्या पिस्ता रंगाच्या गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा आहे.
मी म्हणालो, एवढ्याशा ओलीसाठी गाडी द्यायची? ती म्हणाली, कार्पेटवर अळंबी उगवली आहे. मी म्हणालो, एकच आहे. ती म्हणाली, एक काल होती.
जेवण गेलं नाही. हवा बदललीये, त्यामुळे असेल.

५ ऑगस्ट
सिलिकॉनची ट्यूब आणली. गाडीखाली आडवा झालो आणि हातोहात मूळ सापडलं. चारही दारांच्या खालच्या कडेला भोकं! इतकी वर्षं उघडी! कारखान्यात बुचं बसवायला विसरलेले दिसतात. सगळी गच्च बुजवली. पाठीला चिखल, पण डोक्यावरचं ओझं उतरलं. बायकोला म्हणालो, बाळ्याला कळव, येऊ नकोस म्हणावं. ती म्हणाली, आधी पाऊस तर पडू दे.

६ ऑगस्ट
पडला.
दार उघडायला गेलो तर उघडेना. जड. जोर लावला तर आत कुणीतरी गुळण्या करत असल्यासारखा आवाज आला. तरी निघालो, कारण डगमगणं हा माझा स्वभाव नाही. पहिल्याच वळणावर दारातलं सगळं पाणी या टोकाचं त्या टोकाला गेलं आणि स्पीकरच्या जाळीतून माझ्या मांडीवर आलं. गार. किंकाळी ऐकू आली म्हणून लोक वळून बघत होते. तो बहुधा हॉर्न असावा.
बाळ्याला फोन केला. मदतीसाठी नव्हे, त्याचं ज्ञान तपासायला. तो म्हणाला, भावजी, खिडकीच्या काचेवरून दारात पाणी उतरतंच, ती भोकं ते बाहेर जायला ठेवलेली असतात. हे मला ठाऊक होतंच, त्याला ठाऊक आहे की नाही ते बघायचं होतं. मग त्याने विचारलं, किल्ल्या दोन्ही आहेत ना?
फोन ठेवला. मग बायकोची पिन घेऊन सिलिकॉन उकरत बसलो. दारं रिकामी झाली, डिकी मात्र भरलेलीच, आणि सीटखाली येतं ते पाणी तिथलंच.

७ ऑगस्ट
दुपारी गाडी आपणहून बोंबलायला लागली. पाणी फ्यूजपर्यंत पोचलं असणार. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक गॅलरीत येऊन म्हणाले, मालक गेले की काय? बॅटरीची वायर काढायला स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे, गमबूट आणि पोहण्याचा चष्मा घालून गेलो. ही भीती नव्हे, ही पूर्वतयारी.
बायको म्हणाली, गाडी गळते आणि नवरा गळपटतो. मी लक्ष दिलं नाही. फक्त उत्तर शोधतोय.

८ ऑगस्ट, शनिवार
आता शेवटचा उपाय. एकाने डिकीत झोपायचं, झाकण लावून घ्यायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. आतल्याने जिथून थेंब येईल तिथे खडूने खूण करायची. आतला माणूस जाणकार हवा. घरात जाणकार एकच.
मला बंद जागेची भीती वाटत नाही. लिफ्ट टाळतो ती व्यायामासाठी.

नंतर
झाकण लागलं. मग पत्र्यावर पाण्याचा मारा सुरू झाला. बायकोने बाहेरून विचारलं, दिसतंय का काही? मी म्हणालो, हो. तिने विचारलं, कुठे? मी म्हणालो, सगळीकडे! तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती, अगं बाई, तुम्ही का, असं म्हणत लांब गेली. मी झाकणावर दोन-चार थापा मारल्या. आठवण म्हणून.
बाहेर काढल्यावर तिने विचारलं, खडूचं पीठ कसं झालं? आणि आत डोळे मिटून घेतले होते का? घेतले होते, एकाग्रतेसाठी. उजव्या दिव्यातून पाणी येतं, असं मी ठामपणे सांगितलं. कुठलं तरी नाव घेणं भाग होतं. उरलेली ट्यूब त्या दिव्याभोवती संपवली.

९ ऑगस्ट, रविवार
पहाटेपासून पाऊस. डिकीत पाणी. उजवा दिवा मात्र कोरडाठाक, म्हणजे माझं काम चोख.
बाळ्या दुपारी येणार. स्पंजाने पाणी टिपलं, हेअर ड्रायर फिरवला, आणि कोरडी झाली असं जाहीर केलं. बायकोने कार्पेटखाली हात घातला. ओला हात माझ्या शर्टाला पुसला. तिने ओढणी कमरेला बांधली, खडू मागितला आणि डिकीत जाऊन आडवी झाली, रोजची झोपायची जागा असल्यासारखी. म्हणाली, लावा झाकण.
मला लावता येईना. कुलूप अडकलं तर? ती म्हणाली, अहो, लावताय की उतरून मीच लावू? लावलं. एका हातात पाइप धरला, दुसऱ्या हाताने कुलपातली किल्ली सोडली नाही. सारखं विचारत होतो, आहेस ना? आतून आवाज आला, नाही, बाजारात गेले आहे.
बाहेर आली ती हसत. मागच्या पत्र्यावर रेडिओची एरियल आहे, तिच्या बुडाशी आतून खडूचं गोल वर्तुळ. तिथलं रबर चिरलं होतं. म्हणाली, आत किती शांत वाटलं हो, तुमचा आवाज जेमतेम येत होता.
सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिने तिथे बसवला. पुन्हा पाणी मारलं. डिकी कोरडी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गाडी वाचली. बाळ्याला तिने दारातच सांगितलं, गाडी मिळायची नाही. माझा ऊर भरून आला. पुढे म्हणाली, कारण मी चालवणार आहे. किल्ली मागितली, फ्यूज पुसले, वायर जोडली. बाळ्या पुढे बसला, मी मागे.
ती वेगात चालवते. आणि वळताना बोलते. मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती, सीट हलत होती म्हणून.
घरी आल्यावर मागच्या सीटवर हात फिरवून बाळ्या म्हणाला, ताई, इथे अजून ओलं लागतंय. बायको म्हणाली, ती गाडीची गळती नाही.
घाम होता. पाठीचा. तशी नोंद असावी.