पळसाच्या पानांचा देह

४ ऑगस्ट १९५७, आष्टी
कंपनीची तार. आखातात, भर समुद्रात तेलविहीर खणायची लोखंडी माची वादळात कलंडली. हे तिथे भांडार-कारकून. ‘बेपत्ता.’
शाळेत तिन्ही तास घेतले.

३० ऑगस्ट
कंपनीचं पत्र. शोध थांबवला, मृत समजावे.
देह नाही. म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा देह रचला, डोक्याच्या जागी नारळ. दिरांनी अग्नी दिला. पानं ओली, पेटेनात. नारळ सगळ्यात शेवटी फुटला.

९ सप्टेंबर
मोकळ्या कपाळाने वर्गावर. मुलींनी पाहिलं. मग पाढे म्हटले.

११ नोव्हेंबर
दुपारी दारात हे.
मासेमारांच्या होडीने उचललं. परक्या बंदरात दोन महिने तापात. उजवा कान गेला. कंपनीला कोणी कळवलंच नाही.
सासूबाई उंबऱ्यात आडव्या आल्या. “थांब तिथंच. तुले जाळलं आम्ही.”
“मले कधी जाळलं वं माय? मी तं पाण्यात होतो.”
त्या रडल्या, पण बाजूला झाल्या नाहीत. भटजी म्हणाले, क्रिया झालेल्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. बारसं, मुंज, मग माझ्याशीच लग्न. तोवर मुक्काम गोठ्यात.
शेजारच्या काकू : “मास्तरीणबाई, या खेपेला पारखून घेजा!”

१३ नोव्हें.
गोठ्यात भाकरी नेली. तिकडचं विचारलं.
“तळातून वायू सुटला का पाणी उकळल्यावानी दिसते. हात घाल, थंडगार. त्यात होडी गेली तं बुडते. पाणी तिले उचलतच नाई.”
मग आपणहून : “तापात एक दिवस अंग पेटलं. पायापासून वर. हा कान सगळ्यात शेवटी फुटला.”
पानांचं, नारळाचं यांना कोणी सांगितलेलं नाही. दिरांना विचारून आले. त्यांनीही नाही.
तो दिवस कोणता, हे मी विचारलं नाही.

२० नोव्हें.
बारसं. चाळीस वर्षांच्या माणसाच्या जिभेला मध-तूप. भटजींनी नवं नाव कानात सांगितलं. रीतीप्रमाणे उजव्या. कोणाच्या लक्षात आलं नाही.
आता त्या नावाने हाक मारली तर वळत नाहीत. जुन्यानेही नाहीत.

२४ नोव्हें.
मुंज उरकली. लग्न उद्या. माझा होकार हवा, भटजी म्हणतात. पहिलं लग्न चितेवर संपलं. मी नाही म्हटलं तर हे पाहुणे.
यांना सांगितलं. “नाई म्हण ना. मी काई मनले नाई लावत.”
पूर्वी फार मनाला लावून घ्यायचे.

२५ नोव्हें., सकाळ
सासूबाई हळद कालवायला बसल्या. मान वर न करता : “पोरी, तोच हाय ना?”
म्हटलं, “आई तुम्ही. तुम्हीच सांगा.”
हळद पातळ झाली, त्यांनी पूड घातली. घट्ट झाली, पाणी घातलं. मग पुन्हा पूड.