लिथुआनियाचा कौल

रत्नागिरी,
मंगळवार, ५ मे

ती. आक्काच्या चरणी धाकट्या आत्मारामाचा वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढाच).

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून. फोनच केला असता, पण तुझी सून नम्रता फोन स्पीकरवर ठेवून भाकऱ्या थापते, आणि मी नुसता खोकलो तरी संध्याकाळपर्यंत राजापूरच्या बाजारात माझ्या दम्याची चर्चा होते. म्हणून हे पत्र. वाचून झालं की बंबात घाल.

तर विषय आपल्या सानिकाचा. दोन वर्षं काजूच्या कारखान्यात ऑफिस सांभाळून तिला कळलं की नोकरीपेक्षा मालक होण्यात जास्त सुख आहे. त्यासाठी एमबीए करायचं, आणि तेही लिथुआनियात. (मी नकाशात हा देश आधी आफ्रिकेत शोधला. तो युरोपात, पोलंडच्या डोक्यापाशी निघाला.) म्हणे पुण्यातल्या खासगी कॉलेजपेक्षा तिथे स्वस्त पडतं, राहणं-खाणं धरूनसुद्धा. मी म्हटलं, स्वस्त आहे म्हणून काय कुठेही जायचं? बांगडा मिरकरवाड्याच्या बंदरात स्वस्त मिळतो म्हणून आपण काही तिथे बिऱ्हाड केलं नाही. त्यावर तिने कॉम्प्युटरवर काढलेला भलामोठा तक्ता माझ्यापुढे ठेवला. त्या तक्त्याला उत्तर दिलं ते तिच्या आईने, विमलाने. ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय पोरीला गावाबाहेर पाठवणार नाही, असं तिने सांगून टाकलं. सानिका हसायला लागली, पण आईचे डोळे भरलेले बघून तिने हसू आवरलं. शेवटी शुक्रवारी नारळ घेऊन मी एकटाच देवळात गेलो.

आपला केरू गुरव अजून तसाच आहे. त्याने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या (उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब) आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मी एकटाच, त्यामुळे घसा बसला. पण मध्येच गाडी अडली. आपल्या देवीची हद्द वेशीवरून वाहणाऱ्या पऱ्यापर्यंत. त्यापुढे ज्याची सीमा असेल त्या देवाच्या हवाली पोर करायची असते. केरूने विचारलं, “तकडचा राखनदार कोन?” आता मी काय सांगणार? सानिकाच्या तक्त्यात तिथली थंडी होती, बसचा पास होता, भाताचा भावसुद्धा होता, राखणदाराचा रकाना तेवढा नव्हता. अखेर ‘जो कोन आसंल तो’ असं म्हणून केरूने वेळ मारून नेली आणि आम्ही दोघे मूर्तीकडे बघत बसलो. तासाभराने एक पाकळी पडली. मी घरी आलो आणि सांगितलं, डावी.

विमलाने देवीला हात जोडले. सानिकाने तक्त्याची घडी घालून ती कपाटात ठेवली आणि शनिवारी डबा घेऊन नेहमीसारखी कामावर गेली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझ्यामागे काय लागलंय कळत नाही. शनिवारी विहिरीवरचा पंप जळला. रविवारी आंबे काढायला झेला घेऊन कलमाखाली उभा होतो, तर गांधीलमाशी पापणीवर डसली. हे पत्रही एका डोळ्याने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. आणि काल (हे कुणालाही सांगू नकोस) बांगड्याचा काटा माझ्या घशात अडकला. आक्का, माझ्या! साठ वर्षं पेपर वाचता वाचता बांगडे खाल्ले, कधी खाली बघावं लागलं नाही. विमला नुसती ‘देवी, देवी’ करत राहिली. सानिकाने कोरड्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीत असे गुद्दे घातले की काटा खाली गेला आणि कवळी बाहेर आली. मग पदर नाही म्हणून ओढणीने तिने माझे डोळे पुसले. पाणी काट्यामुळेच आलं होतं.

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुझा
आत्माराम

ता. क. आमच्याकडची आमसुलं संपली आहेत. असली तर पसाभर बाजूला ठेव.

आणखी ता. क. आमसुलं न्यायला मी येणार नाही, तूच घेऊन ये, आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनेच ये. पाकळी उजवी पडली होती. मी पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा केरू भडकला, “देवीनं सांगितलान ना येकदा? मंग पुना पुना काय इचारतोस?” तीस वर्षं तलाठी होतो, एक खोटी नोंद केली नाही, आणि पहिली केली ती थेट देवीच्या नावावर! काय करू? मुंबईला गेलेलं माणूस निदान गणपतीला येतं. लिथुआनियाहून कोण येतं? ती गेली की माझ्याशी वाद घालायला घरात कुणी उरत नाही. विमला तर लगेच हो म्हणते. पण प्रवेश घेणार की नाही हे कळवायची मुदत या शुक्रवारी संपते, आणि केरू लेकीच्या गावी, पोफळीला गेलाय तो उद्या परत येतोय. आला की देवळाच्या पायरीवर बसून सगळं सांगणार. तुझा शब्द विमला मोडत नाही. तू म्हण, आत्मारामाला मोतीबिंदू झालाय, त्याला डावं-उजवं दिसलं नसेल, आपण पुन्हा कौल लावू. मोतीबिंदू मी सोसेन. पोर जाऊ दे.

आत्या, हे पत्र राजापूर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायला बाबांनी माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी वाचलं. ‘येते’ म्हणून मी तिथल्या कॉलेजला शनिवारीच कळवून टाकलंय, डावा कौल ऐकूनसुद्धा. आईला हे कसं सांगायचं ते विचारायला तुलाच पत्र लिहिणार होते. तू गुरुवारी नक्की ये. बाबांना मात्र यातलं काही सांगू नकोस. मला त्यांनीच पाठवलं असं त्यांना वाटू दे. — सानिका