विनयाचं मीठ

१२ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, तर दिल्लीच्या आर. के. पुरमचे गुणवंतराव. साकेतरावांचे, म्हणजे आमच्या जावयांचे, सख्खे काका. माझी बॅग अजून दारातच, पायातल्या चपला पायातच, आणि हे मिठाईचा डबा घेऊन माझ्या मागच्याच लिफ्टनं वर! बरोबर त्यांची सुखदा. कातडीची डॉक्टर आहे. पस्तिशी आली तरी लग्नाचं नाव नाही. का, ते गुणवंतरावांना विचारलं तर त्यांनी पाणी मागितलं. ही सुखदा माझ्या पायावरची खाज बघून म्हणते, काकू, रक्तातली साखर तपासली का कधी? खाज पायाला आणि म्हणे साखर रक्तात! शिकलेल्या माणसांचं असंच असतं.

तर मी आजी झाले! विनया कालच दवाखान्यातून गाझियाबादला घरी आली. सिझर झालं, पण लेक गोड आहे. नाक साकेतरावांचं, रडणं माझं. साकेतरावांनी ही ऑफिसची कोरी डायरी दिली. म्हणाले, आई, तुम्ही इतकं बोलता, थोडं लिहूनपण ठेवा, हिला मोठेपणी वाचायला होईल. मी चौथी शिकलेली. छकुले, काना-मात्रा चुकला तर हसू नकोस.

घर छान आहे, फार उंच. खिडकीतून काही दिसत नाही, नुसता धूर. सूर्यसुद्धा शिळ्या भाकरीसारखा दिसतो.

विनयाला सांगून टाकलं. मी आहे तोवर माझं चालणार. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, कान बांधायचे, आणि मीठ नावापुरतं. आमच्याकडे बाळंतिणीला अळणीच देतात. मिठानं अंगाला सूज चढते, टाके ओले राहतात. माझ्या सासूबाईंनी मला असंच जेवू घातलं, मी काय वाईट झाले?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज विनयाला न्हाऊमाखू घातलं. पोरीचं अंग किती मळलंय! मान, कोपरं, बोटांची पेरं, सगळं काळं. आमची विनया केतकीसारखी गोरी, शाळेत स्नेहसंमेलनात दर वर्षी हिलाच राणी करायचे. ती म्हणाली, आई, हे सातव्या महिन्यापासून आहे, सगळे म्हणाले पोटुशीपणी असं होतं. मी म्हटलं, सगळ्यांना काय कळतंय.

शेजारच्या विजयालक्ष्मीबाई बाळ बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, अम्माजी, दिल्ली की हवा है, मेरे तो परदे भी काले हो गए. मला पटलं. मग डाळीचं पीठ, साय, हळद, लिंबू लावून चांगलं खसाखसा घासलं. विनया म्हणत होती, आई पुरे, आग होतेय. कातडी लाल झाली, एका ठिकाणी सोललीसुद्धा.

सोललेल्या कातडीखालीही काळंच होतं.

वाळल्यावर निघेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बारसं झालं! नाव पूर्वी ठेवलं. घुगऱ्या मी केल्या, पेढे गुणवंतरावांनी आणले. विनया पैठणी नेसली होती. नेसवताना बघितलं तर पोलकं नुसतं लोंबतंय, इतकी वाळलीय. पाळण्यापाशी उभी राहिली आणि एकदम खाली बसली. लोक म्हणाले दमली.

सुखदानं मात्र तिचा हात हातात घेतला तो सोडेचना. तळहातावरच्या रेषा बघत होती, जशी काही भविष्यच सांगणार आहे. मीपण बघितल्या. कुणी कोळशानं आखाव्यात तशा काळ्या. मग चारचौघांत तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, घोड्याच्या बघतात तशा. विचारलं, मीठ खावंसं वाटतं का? विनया म्हणाली, जीव जातो मिठासाठी. आम्ही बायका हसलो. सुखदा हसली नाही.

मग तिनं मला, विनयाला आणि साकेतरावांना आत बसवून सांगितलं. म्हणाली, हा मळ नाही, आतलं दुखणं कातडीवर दिसतंय. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एवढीशी ग्रंथी असते, तिचा रस आटला असावा. मग रंग असा चढतो, अंगात मीठ टिकत नाही, माणूस खंगत जातो. रोज गोळ्या घेतल्या तर जन्मभर काही होत नाही, नाही घेतल्या तर जीव जातो. उद्याच रक्त तपासा, आणि तोवर मागेल तेवढं मीठ द्या. उलट्या लागल्या, भोवळ आली तर कुणाची वाट न बघता थेट दवाखाना, हे तिनं मला दोनदा बजावलं. तिला परिषदेला हैदराबादला जायचंय. तीस तारखेला, रविवारी परत येईल, आल्या आल्या येते म्हणाली.

सणाच्या दिवशी काय बोलावं याला काही?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साकेतराव पहाटे बंगळुरूला गेले, ऑफिसचं काम. रक्त न्यायला घरी माणूस येईल असं सांगून गेले. आला. मी दारातूनच परत पाठवला. सिझरला एवढं रक्त सांडलंय, आता उरलेलं बाटलीत भरून देऊ? विनया झोपली होती. साकेतरावांचा फोन आला, दिलं का रक्त? मी हो म्हटलं. विनयालाही सांगितलं, तो आलाच नाही, सव्वा महिन्यानंतर बघू. तिनं भिंतीकडे तोंड केलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज भर दुपारी स्वयंपाकघरात गेले. विनया ओट्याला टेकून फरशीवर बसली होती. मांडीवर मिठाची बरणी. मूठ आत घालायची आणि चाटायची. डोळे मिटलेले. गाय दगड चाटते तसा आवाज.

मी बरणी ओढून घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं, ती नजर— मला ओळखलं नसावं. मग रडली. आई चिमूटभर, आई एक चिमूट. सुखदा म्हणाली होती, द्या. पण हे मागणं माणसाचं वाटेना. बरणी माझ्या पातळांखाली कपाटात ठेवली, किल्ली कमरेला.

दूध आटलंय. छकुली डब्याच्या दुधावर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिच्या टाक्यांची रेघ बघितली. काजळ घातल्यासारखी काळी. ओठांवर आतून निळे-काळे डाग. पाळण्यातून छकुली तिच्याकडे बघते आणि गप्प होते.

ही विनयाच आहे ना?

बाहेरची बाधा असणार. दृष्ट काढायला घेतली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवत होते, इडा पिडा टळो म्हणत. तिनं माझं मनगट धरलं. अंगात बळ नाही, पण बोटं सोडवता येईनात. मूठ उघडली आणि खाल्लं. मिरच्यांसकट, सगळं. जे चुलीत जाळायचं ते तिच्या पोटात गेलं. डोळ्यांतून पाणी नाही, ठसका नाही. वर म्हणाली, आई, अजून आहे का—

देवा, मी काय उतरवलं आणि कुठे गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उलट्या. पाणीसुद्धा ठरत नाही. उठवून बसवलं की मान टाकते. सुखदाचं बोलणं कानात घुमतं— थेट दवाखाना. पण उंबरा. सव्वा महिना झालेला नाही. छकुलीला काही झालं तर—

साकेतरावांनी फोनवर विचारलं, रिपोर्ट आला का. मी म्हटलं, येईल. का म्हटलं मी असं.

मिठाला नावं ठेवत होते. आज कपाट उघडलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चमच्यानं मीठ-पाणी दिलं. गिळत नाही. कडेनं ओघळतं. हात गार, बर्फ. घासू नको आई, म्हणाली— मी घासत नव्हते. नुसता हात धरला होता.

ही माझीच विनया आहे. दुसरं कोणी नाही. मीच तिला—

सुखदाला फोन लावला, बंद. साकेतरावांना सगळं खरं सांगितलं. ते तसेच विमानतळाकडे निघाले.

विजयालक्ष्मीबाईंना हाक मारली. त्या दवाखान्याची गाडी बोलावतायत, पत्ता ओरडून ओरडून सांगतायत. उंबरा गेला खड्ड्यात. न्या तिला, न्या. मला म्हणाल्या, अम्मा, पास बैठो, बात करती रहो. मी बोलतेय. हात थांबत नाही म्हणून लिहितेयसुद्धा. विनया, बघ कोण कोण येणार आहे. गुणवंतराव येणार, सुखदा येणार, तिची परिषद संपली की तडक तुझ्याकडे. रविवारी येते म्हणाली होती. आज गुरुवार. उद्या शुक्रवार, मग शनिवार, की आलाच, विनया, रविवार काही लांब ना—