चिमटीतली तार

पूर्णा,
२४ सप्टेंबर २०२५

दीपेशदादा,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. नारपोलीला तुझे कापडाचे लूम पुन्हा धडधडायला लागलेत, म्हणजे तू मजेतच असणार. बहिणीचा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आईचा गुडघा बरा आहे. बाबांच्या हाताचं भाजलेलंही भरून आलं.

परवा दहावीला प्रयोग घेतला. एकाच धातूच्या, सारख्याच लांबीच्या दोन तारा. एक जाड, दुसरी तिच्या निम्म्या जाडीची. बारकीचा रोध चौपट भरला. वर्गात करिष्मा म्हणून एक आगाऊ मुलगी आहे. म्हणते, "मॅडम, बारक्या तारेवर मोठ्या मोटरी लावल्या तर?" मी म्हटलं, "तापेल. जळेल." आणि बोलता बोलता तुझी जळालेली शेड आठवली.

शाळा सुटल्यावर तडक तुझ्या लूमच्या शेडवर गेले. तू नव्हतास. जळक्या पाइपात तारेचा तुकडा अजून होता, जाडीला सुतळीएवढासुद्धा नाही. बाबांनी घातलेली जाड तार कुठे गेली रे? चार लूम वाढवलेस तेव्हा लाइन तूच बदललीस ना? आणि आग लागल्यावर गावभर सांगत सुटलास, म्हातारा मोटर बंद करायला विसरला! लाज कशी वाटली नाही तुला? चाळीस वर्षं वायरमन असलेला माणूस आता घरातल्या पंख्याचं बटणही दाबत नाही. आईला हाक मारतो, "पार्वती, तू लाव."

मी तरी कुठली शहाणी! "बाबा, आता वय झालं, शेडवर जाऊ नका," असं सगळ्यांदेखत म्हणणारी मीच. विज्ञान शिकवते, पण तुझं ऐकलं आणि तार बघायला तीन महिने लावले.

काल तो तुकडा बाबांच्या हातात दिला. बघितलासुद्धा नाही, नुसता चिमटीत धरला. "ठाव हाय मला. त्याच दिवशी हात लावला तवाच समजला. त्याला काय बोलू नको, विनू. कारागीर सोडून जातील त्याला."

मला रडू आलं नाही, दादा. तुझा संताप आला.

खंडेनवमीला शेडच्या मेन स्विचला दरवर्षी बाबाच हळदकुंकू लावतात. यंदा नाही म्हणतात. येत्या बुधवारी खंडेनवमी आहे. त्या दिवशी घरी ये, त्यांना स्वतः घेऊन जा, आणि कारागिरांसमोर सांग, तार कोणी बदलली ते. नाही आलास तर बॅटरी आणि दोन्ही तारा घेऊन मी येते. सगळ्यांना प्रयोग करून दाखवीन.

तुकडा पाकिटात घातलाय. चिमटीत धरून बघ.

बुधवारपर्यंत तुझी बहीण,
विनिता