‘खेळ’ या शब्दाचा मी लावलेला अर्थ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, पतीच्या मागे अकरा वर्षे एकटी राहणारी, शुद्धीत असताना, औषधाच्या गुंगीत नसताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (माझ्यावर दबाव आणायची कोणाची छाती झालेली नाही) हे माझे शेवटचे इच्छापत्र लिहीत आहे. यापूर्वीचे दोन्ही कागद रद्द समजावेत. त्यांत मी घराचा विचार केला होता, खऱ्याचा केला नव्हता.

१. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला द्यावे. ती मला ‘काकू’ म्हणते आणि तरीही माझ्याशी वाद घालते, या दोन्ही गोष्टी मला आवडतात. न्हाणीघराचा नळ अर्धाच फिरवायचा, जोर लावला की हातात येतो. शेजाऱ्यांनी सामाईक भिंतीवर वीतभर चढवलेला कठडा बेकायदा आहे. तो पाडू नये, फक्त वर्षातून एकदा त्यांना आठवण करून द्यावी.

२. बँकेत जे असेल तेही तिचेच.

३. माझी व्याकरणाची पुस्तके शाळेला द्यावीत. शाळेने नको म्हटले, आणि म्हणेलच, तर रद्दीत घालावीत. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवले होते की प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ असतो. एका शब्दाला दोन अर्थ असले तर काय करायचे, हे मला कोणी शिकवले नाही. मीही कोणाला विचारले नाही, कारण विचारण्याची माझी सवय नव्हती, सांगण्याची होती.

४. धाकट्या दिरांना काहीही ठेवलेले नाही. ही विसरभोळेपणाची चूक समजू नये. कारण पुढे येईलच.

५. अंगणातली जुनी जीप. चारही चाकांना जोर असलेली ही गाडी यजमानांनी सरकारी लिलावात घेतली, तेव्हाच ती जुनी होती. मी तिला ‘लोखंडी सवत’ म्हणत असे. तिची देखभाल चौकातले मिस्त्री करत. रविवारी दुपारी यजमान आणि मिस्त्री गॅरेजमध्ये पत्ते खेळत बसत. पैसे लावून नव्हे, पण मला ते खपत नसे. निवृत्त अभियंत्याने ग्रीसच्या डब्यावर बसून रमी खेळावी, हे मला शोभेसे वाटत नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी यजमान केस कापायला गेले होते. स्टिअरिंग हलते अशी त्यांची तक्रार होती, म्हणून मिस्त्री येऊन गाडीखाली शिरले. अर्ध्या तासाने दारात आले. मी त्यांना आत या म्हटले नाही. ते म्हणाले, “बाई, साहेबांना एक सांगायचं होतं.”

मी म्हणाले, “लिहून द्या. तोंडी निरोप माझ्याकडे चालत नाहीत.”

त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहून दिले. ती ओळ मला पाठ आहे: ‘साहेब, खेळ फार वाडला आहे. आता थाबंवा. मंगळवारी येतो मग बघु.’

मी वाचले ते असे: पत्त्यांचा खेळ फार वाढला आहे. माणसाला उशिरा का होईना अक्कल आली. पण मंगळवारी पुन्हा बसायचा बेत आहेच! मी लाल पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या तिन्ही चुका सुधारल्या, मग चिठ्ठी फाडून चुलीत टाकली. मंगळवारचा निरोप यजमानांना पोचू नये, एवढाच माझा हेतू होता.

सोमवारी ते जीप घेऊन डोंगरापलीकडच्या मित्राकडे निघाले. तिसऱ्या वळणावर गाडी खाली गेली. चौकशीला आलेला अधिकारी म्हणाला की उजव्या चाकाला वळवणाऱ्या दांड्याचे टोक, टायरॉडचा बॉल जॉइंट, झिजून खोबणीतून निसटला होता. चाक एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे. चौकशीनंतर निसटलेले टोक तात्पुरते खोबणीत बसवून गाडी ओढून आणली, तेव्हापासून ती अंगणातच आहे.

घर माणसांनी भरले होते तेव्हा दीर उभे राहून म्हणाले, “परवाच या मिस्त्रीनं गाडी बघितली होती. यानंच मारलं माझ्या भावाला.”

मिस्त्री दाराशी होते. म्हणाले, “मी चिठ्ठी दिली होती. बाईंच्या हातात दिली.”

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, “ती चिठ्ठी पत्त्यांची होती.”

मी खोटे बोलले नाही. मी चूक बोलले, आणि इतक्या ठाम स्वरात बोलले की पुढे कोणी काही विचारलेच नाही. बाई एकतीस वर्षे शिक्षिका, त्या कशाला खोटे बोलतील? दिरांनी ते गावभर केले. वर्षभरात गॅरेजची पाटी उतरली. आज मिस्त्री हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली पंक्चर काढतात.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीने जीप चालू करायचा हट्ट धरला. नवा मेकॅनिक आला, तिला गाडीत बसवून स्वतः खाली शिरला. “ताई, स्टिअरिंग हलवा. हां, अजून. बघा आजी, चार बोटं स्टिअरिंग फिरलं, टायर जागचा हलला नाही. केवढा खेळ आहे!”

“कसला खेळ?”

“हाच की. झिजलेल्या जोडांतली ढिलाई. आमच्यात त्याला खेळ म्हणतात.”

मी पायरीवर बसले. थांबवायची होती ती गाडी, आणि मंगळवार दुरुस्तीचा होता. पुतणी म्हणाली, “काकू, चक्कर आली का?” मी हो म्हटले. ते मात्र खोटे होते.

६. या कलमात मी आधी जीप मिस्त्रींना ठेवली होती. ते आता रद्द. का, ते लिहिते.

मागच्या महिन्यात मी मिस्त्रींना बोलावून कलम पाच वाचून दाखवले. ते अंगणातच उभे राहिले. मी या वेळी आत या म्हटले, तर आले नाहीत. बराच वेळ हाताला नसलेले ग्रीस पुसत राहिले.

“म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हता?”

“नाही.”

“अकरा वर्षं मी तुम्हांला खोटारडी समजत होतो. ते सोपं होतं, बाई. खोटं बोलणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. आता काय करू?”

मी त्यांना म्हणाले, “जीप तुमच्या नावे करते.”

“नको. लोक म्हणतील, गाडीसाठी म्हातारीकडून लिहून घेतलं. मग तुमच्या लिहिण्याला काय अर्थ राहिला?” मग त्यांनी कागदाकडे बोट केले. “आणि हे कधी वाचणार? तुम्ही गेल्यावर? माझी बायको गेली तीन वर्षांमागं. तोंडावर कधी म्हणाली नाही, पण तिला वाटायचं, मी सांगायला विसरलो आणि चिठ्ठीची थाप मारली. तिला कोण वाचून दाखवणार?”

मृत्युपत्रात सत्य लिहिणे म्हणजे धडा सोडून पळून जाणे आहे, हे मला तेव्हा कळले. माझ्या वर्गात कोणी असे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

७. म्हणून जीप पुतणीला. तिचे स्टिअरिंग मिस्त्रींनी दोन रविवार राबून दुरुस्त केले आहे, ठरलेली मजुरी घेऊन. चहा घेतला नाही. टायरॉडची सगळी टोके नवी आहेत. स्टिअरिंग बॉक्स उघडून बसवला आहे. पुढची चाके ज्या खिळ्यांवर वळतात त्यांची बेअरिंगे बदलली आहेत. ते खाली असताना मी स्टिअरिंगशी बसले होते. “डावीकडे. उजवीकडे. परत.” शेवटी मी विचारले, “आता अजिबात खेळ नाही ना?” ते खालूनच म्हणाले, “बोटभर ठेवलाय. अजिबात नसला तर चाक अडकतं.” मी ते वहीत लिहून घेतले. पुतणीने दर सहा महिन्यांनी जोडांना ग्रीस द्यावे, आणि मेकॅनिक काही म्हणाला व कळले नाही, तर विचारावे. लाज वाटली तरी विचारावे.

८. हे कलम मी टायरच्या दुकानात, हवेच्या मशीनशेजारी बसून हाताने लिहीत आहे. वकील म्हणाले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. या कसोटीला धाकटे दीर पूर्णपणे उतरतात, म्हणून त्यांना इथे बोलावले. दुकानात मालक, पाच-सहा गिऱ्हाइके आणि दोन ट्रकवाले होते. त्यांच्यासमोर मी कलम पाच उभी राहून वाचले.

दीर म्हणाले, “वहिनी, आता हे उकरून काय मिळणार?”

मी म्हणाले, “तुम्हांला काहीच नाही, म्हणून तर सही तुमची.”

कोणीतरी हसले. मिस्त्री हसले नाहीत. टायर बाजूला ठेवून म्हणाले, “बाई, चिठ्ठीचं परत वाचा. मोठ्यानं.”

मी परत वाचले. त्यांनी मान हलवली आणि ट्रकवाल्याला म्हणाले, “चला, तुमचं चाक काढू.”

त्यांनी मला क्षमा केली, असे कोणीही समजू नये. ते तसे म्हणाले नाहीत, आणि मी विचारलेले नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे.

सही: निवृत्त शिक्षिका

साक्षीदार पहिला: धाकटे दीर. (त्यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले: ‘दोन्ही वेळा ऐकले. तेव्हा मी बोललो ते चूक होते.’)

साक्षीदार दुसरा: टायरच्या दुकानाचे मालक

स्थळ: मिस्त्री कामाला आहेत ते दुकान, भर गर्दीच्या वेळी
दिनांक: सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९